थकलेली बिले आणि कमर्शियल दावे: महाराष्ट्रातील लहान उद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माल गेला, बिल गेले, पैसे आले नाहीत. भोसरी असो, सातपूर असो, वाळूज असो की बुटीबोरी, कंपन्यांमधले बहुतेक वाद इथूनच सुरू होतात. पुढची उत्तरे माल पुरवणाऱ्या आणि जॉबवर्क करणाऱ्या लहान कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. कागद वकिलाला दाखवावेच लागतील. पण कोणते कागद न्यायचे आणि कोणती तारीख हातची जाऊ द्यायची नाही, हे मालकाला स्वतःलाच माहीत असायला हवे, कारण वकिलाकडे जाईपर्यंत बरेचदा नुकसान होऊन गेलेले असते.

पार्टी आठ महिने पैसे देत नाही. नोटीस पाठवण्याआधी काय करायचे?

आधी एक तक्ता करा. बिल क्रमांक, बिलाची तारीख, माल पोहोचल्याची तारीख, किती दिवसांची उधारी, देय तारीख, आलेली रक्कम, बाकी, आणि शेवटच्या रकान्यात दावा लावण्याची शेवटची तारीख. हा तक्ता नसताना दिलेल्या नोटिशीत आकडा चुकतो, आणि समोरचा वकील तोच आकडा धरून बसतो.

मग देणेकरी नक्की कोण, ते तपासा. पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) एका कंपनीचा, बिल तिच्या भगिनी कंपनीच्या नावे आणि पैसे तिसऱ्याच खात्यातून, असे प्रकार सर्रास होतात. मालकी फर्म असेल तर मालक स्वतः जबाबदार असतो. भागीदारी असेल तर फर्मसोबत सगळे भागीदारही जबाबदार. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर फक्त कंपनी. संचालकाने वैयक्तिक हमी लिहून दिली नसेल तर त्याच्या बंगल्याला हात लावता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनी चालू आहे का आणि बँकेचे किती बोजे नोंदले आहेत ते दिसते. जीएसटी पोर्टलवर नोंदणी रद्द झाली आहे का ते कळते. सगळी मालमत्ता बँकेकडे गहाण असेल तर घाई करायला हवी आणि तडजोडीची तयारीही ठेवायला हवी. ही पाहणी एका दुपारी होते.

दावा लावायला मुदत किती?

सर्वसाधारणपणे तीन वर्षे. प्रश्न असतो तो तीन वर्षे मोजायची कधीपासून. उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून. ठरली नसेल तर माल पोहोचल्यापासून. ५ जून २०२३ ला माल पोहोचला आणि ६० दिवसांची उधारी माल मिळाल्यापासून ठरली असेल, तर पैसे ४ ऑगस्ट २०२३ पर्यंत यायला हवे होते आणि दावा ४ ऑगस्ट २०२६ पर्यंत लावायला हवा. प्रत्येक बिलाची मुदत वेगळी धावते. दहा बिलांपैकी जुनी चार मुदतबाह्य आणि नवी सहा जिवंत, अशीही स्थिती येते.

नोटीस दिल्याने मुदत वाढत नाही. आठवणीचे ईमेल, फोन, "पुढच्या महिन्यात बघतो" असे तोंडी आश्वासन, कशानेही वाढत नाही. सगळ्यात जास्त पैसे याच गैरसमजात बुडतात.

मुदत नव्याने सुरू होते ती मुख्यतः दोन गोष्टींनी. पहिली, मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी दिलेली लेखी कबुली. दरवर्षी ३१ मार्चला पाठवायचे बॅलन्स कन्फर्मेशन यासाठीच असते, लेखापरीक्षकाच्या समाधानासाठी नव्हे. त्यावर पार्टीची सही, शिक्का आणि तारीख घ्या. कंपनीच्या ताळेबंदात तुमचे देणे दाखवलेले असेल तर तीही कबुली ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बिशाल जैस्वाल प्रकरणात सांगितले. ताळेबंदावरची टीप आणि लेखापरीक्षकाचा शेरा मात्र सोबत वाचावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे मुदतीत आलेला अंशतः भरणा, ज्याची देणेकऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने नोंद आहे. म्हणून रोखीने आलेल्या पन्नास हजारांपेक्षा चेकने आलेले पाच हजार या कामी जास्त उपयोगाचे.

भरणा कोणत्या बिलापोटी आहे हे पार्टीने सांगितले असेल तर तसाच जमा करावा लागतो. सांगितले नसेल तर तुम्ही ठरवू शकता. कोणीच ठरवले नाही तर जुन्या बिलापासून वजा होतो. टॅलीत 'ऑन अकाउंट' (कोणत्याही बिलाला न जोडता) टाकून दोन वर्षे तसेच ठेवण्याची सवय इथे नडते.

"आमचे तर चालू खाते आहे, मुदत शेवटच्या नोंदीपासून" हा युक्तिवाद फार ऐकू येतो. त्या तरतुदीला परस्पर खाते लागते, म्हणजे दोघांनीही एकमेकांना माल किंवा पैसे देऊन एकमेकांवर येणे निर्माण केले पाहिजे. तुम्ही फक्त विकता आणि तो फक्त पैसे देतो, तर ते परस्पर खाते नाही. कोविडकाळातल्या जुन्या बिलांसाठी १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुदतीतून वगळला जातो, हे मात्र लक्षात ठेवा.

मुदत उलटून गेली असेल तर?

देणेकऱ्याने सहीने, लेखी, "हे मुदतबाह्य देणे मी फेडीन" असे वचन दिले तर करार कायद्याच्या कलम २५(३) खाली तो नवा करार होतो. नुसती "येणे बरोबर आहे" अशी कबुली तिथे पुरत नाही. फेडण्याचे वचन लागते.

कोणते कागद लागतात?

पीओ, डिलिव्हरी चलन, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची पावती (एलआर), बिल, समोरच्याची माल मिळाल्याची नोंद (जीआरएन), खातेउतारा, पत्रव्यवहार. यात दाव्याचा कणा म्हणजे चलन. त्यावर नुसती वेडीवाकडी सही असून चालत नाही. घेणाऱ्याचे नाव, तारीख, कंपनीचा शिक्का आणि शक्यतो गेट इनवर्ड क्रमांक हवा. "ही सही आमच्या माणसाची नाही" हा बचाव प्रतिवादी हमखास घेतो, आणि गेट रजिस्टरचा क्रमांक असेल तर तो तिथेच ढेपाळतो. ड्रायव्हरला हे समजावून सांगा. परत येताना चलनाची पोचप्रत नसेल तर ती फेरी अपुरी समजा.

पीओ तोंडी असेल तरी करार होतो, पण दर, उधारी आणि व्याज सिद्ध करणे जड जाते. अशा वेळी जीएसटीची नोंद मदतीला येते. तुमच्या जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) मधले बिल त्याच्या २बी (खरेदीच्या क्रेडिटचा उतारा) मध्ये उतरले आणि त्याने इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) घेतले, तर "माल मिळालाच नाही" असे म्हणणे त्याला अवघड जाते.

व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल पुरावा म्हणून चालतात, पण सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संकेतांक) लिहायचे असते. फक्त स्क्रीनशॉट काढून मूळ चॅट पुसू नका. विक्रीचा माणूस नोकरी सोडून गेला आणि सगळा व्यवहार त्याच्या वैयक्तिक फोनवर होता, ही अडचण नेहमीची आहे. ऑर्डर, दर आणि तक्रारी यांचा पत्रव्यवहार कंपनीच्या ईमेलवरच ठेवायचा नियम करा.

नोटिशीत काय असावे?

बिलवार आकडे, देय तारखा, व्याजाचा दर आणि त्याचा आधार, पैसे देण्याची मुदत. रागाची विशेषणे नकोत. फौजदारीची पोकळ धमकीही नको. तडजोडीचा आकडा सांगायचा असेल तर तो वेगळ्या पत्रात, "हक्क अबाधित ठेवून" असे लिहून सांगा. पत्ता नोंदणीकृत कार्यालयाचा घ्या आणि कारखान्याच्या पत्त्यावरही एक प्रत पाठवा. टपाल खात्याची रजिस्टर्ड पोस्ट सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. पोहोच मिळाल्याचा पुरावा घ्यायला विसरू नका.

एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याखाली तक्रार आणि कोर्टात दावा, यात बरे काय?

तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल आणि माल किंवा सेवा देण्याआधीपासून तुमची उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर आधी फॅसिलिटेशन कौन्सिलचा, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या या कायद्याखालच्या मंडळाचा, विचार करा. कारण व्याज.

२००६ च्या एमएसएमई विकास कायद्याचे कलम १५ सांगते की लेखी करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपर्यंत, पण कोणत्याही स्थितीत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत. म्हणजे पीओवर "९० दिवस" छापले असले तरी कायदा ४५ च मोजतो. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्या दिवशीच स्वीकारला असे धरले जाते.

उशीर झाला की कलम १६ खाली रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. बँक रेट ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के. १० लाखांवर सरळ व्याज वर्षाला १ लाख ८० हजार होईल. दरमहा चक्रवाढीने ते १ लाख ९५ हजार ६१८ होते आणि दोन वर्षांत सुमारे ४ लाख ३० हजार. साध्या दिवाणी दाव्यात इतके व्याज क्वचितच मिळते.

तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून ऑनलाइन करायची. उद्यम प्रमाणपत्र, पीओ, बिले आणि पोचचलने जोडायची. कौन्सिल आधी समेट घडवण्याचा प्रयत्न करते. तो फसला तर स्वतः लवाद (कोर्टाबाहेर निवाडा देणारा पंच) म्हणून ऐकते किंवा लवाद संस्थेकडे पाठवते. कायद्यात ९० दिवस लिहिलेले आहेत. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, हे धरून चाला. खरेदीदाराला निवाडा आव्हान द्यायचा असेल तर निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम आधी कोर्टात भरावी लागते. मोठ्या कंपन्या तडजोडीला येतात त्या बहुतेक वेळा या एका अटीमुळे.

कौन्सिलकडची तक्रार कुठे अडकते?

नोंदणीच्या तारखेवर, सर्वांत जास्त. पुरवठा झाल्यावर उद्यम नोंदणी घेतली तर त्या जुन्या पुरवठ्याला फायदा मिळत नाही, असे सिल्पी इंडस्ट्रीज (२०२१) आणि महाकाली फूड्स (२०२२) या निकालांत आले. नोंदणी करारापूर्वीच हवी का, हा मुद्दा २०२५ मध्ये एनबीसीसी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच मोठ्या पीठाकडे पाठवला. त्यावर विसंबून राहण्यापेक्षा नोंदणी आजच करा. ती मोफत आहे.

दुसरी अडचण व्यापाऱ्यांची. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिरा पैसे मिळण्याविरुद्धच्या तरतुदी त्यांना लागू नाहीत. मध्यम उद्योगही या कलमांत येत नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढाल अशी आहे.

तिसरी, वर्क्स कॉन्ट्रॅक्ट. माल आणि मजुरी मिळून एकसंध कामाचा ठेका असेल तर तो या कायद्यात बसत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतली आहे. शेड उभारणे किंवा पाइपलाइन टाकून देणे अशी कामे करणाऱ्यांनी कौन्सिलकडे जाण्याआधी हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

आणि मुदत. नागपूरच्या सोनाली पॉवर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले की मुदतबाह्य येणे समेटासाठी नेता येते, पण लवादात मुदत कायदा लागू होतो. तीन वर्षांचा हिशेब इथेही सुटत नाही.

करारात लवादाचे कलम आहे. तरी कौन्सिलकडे जाता येते का?

येते. एमएसएमई कायद्याची तरतूद खासगी लवाद कराराच्या वरचढ ठरते, हे महाकाली फूड्समध्ये स्पष्ट झाले आहे.

कमर्शियल कोर्ट म्हणजे वेगळे कोर्ट का? आमचा वाद तिथे जातो का?

कमर्शियल कोर्ट्स कायदा २०१५ चा. तेव्हा किमान रक्कम १ कोटी होती. २०१८ च्या दुरुस्तीने ती ३ लाखांवर आली, त्यामुळे आता लहान कारखानदाराचे नेहमीचे दावेही तिथेच जातात. मालविक्री, सेवा, बांधकाम करार, फ्रँचायझी, भागीदारी, ट्रेडमार्क हे सगळे यात बसते. स्थावर मालमत्तेचा वाद मात्र ती मालमत्ता प्रत्यक्षात फक्त व्यापारासाठी वापरात असेल तरच बसतो.

मुंबईत १० कोटींपर्यंतचे दावे नगर दिवाणी न्यायालयात आणि त्यावरचे उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत. ही मर्यादा २०२४ पर्यंत १ कोटी होती. इतर ठिकाणी जिल्ह्यात नेमून दिलेल्या कमर्शियल कोर्टात. कोर्ट फी रकमेप्रमाणे लागते आणि महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे.

दाव्याआधीची मध्यस्थी टाळता येते का?

तातडीचा अंतरिम आदेश खरोखरच हवा असेल तर. एरवी कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम १२अ खाली ती सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट २०२२ पासून हे पक्के केले: मध्यस्थी न करता लावलेला दावा फेटाळला जातो. मध्यस्थी चुकवायची म्हणून खोटीच मनाईची मागणी घालायची, ही पळवाट कोर्ट तपासते.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नमुना १ मध्ये अर्ज करायचा, फी १ हजार रुपये. प्राधिकरण समोरच्याला नोटीस काढते. तो आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि तो जोडून दावा लावता येतो. तो आला तर तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन महिने. हा सगळा काळ मुदतीतून वजा होतो. तडजोड झाली तर तिला लवादाच्या निवाड्याइतके बळ असते, म्हणजे पुन्हा पैसे चुकवले तर थेट वसुलीला जाता येते. तडजोडीत हप्त्यांच्या तारखा लिहा आणि एक हप्ता चुकला की पूर्ण रक्कम व्याजासह देय, हे वाक्य घालाच. ते नसेल तर चौथ्या हप्त्याला तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर येता.

कमर्शियल दाव्यात काय काटेकोर असते?

वादपत्रासोबत सत्यतेचे शपथपत्र ठराविक नमुन्यात लागते. आपल्या ताब्यातले सगळे कागद सुरुवातीलाच द्यायचे. नंतर सापडलेला कागद आणायला कोर्टाची परवानगी आणि योग्य कारण लागते. साध्या दिवाणी दाव्याची "पुढे देऊ" ही सवय इथे महागात पडते. कंपनीतर्फे सही करणाऱ्याच्या नावे संचालक मंडळाचा ठराव घ्या. तो नसणे हा प्रतिवादीचा आवडता आक्षेप आहे.

प्रतिवादीसाठी वेळ आणखी कडक आहे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत (लेखी बचाव) द्यायची. कोर्ट कारण पाहून वाढवू शकते, पण १२० दिवसांच्या पुढे एक दिवसही नाही. १२१ व्या दिवशी कैफियत रेकॉर्डवर येत नाही आणि दावा त्याच्या बचावाशिवाय चालतो.

आमच्यावरच समन्स आले आहे. पहिल्या आठवड्यात काय करायचे?

समन्स ज्या दिवशी हाती पडले ती तारीख लिफाफ्यावर लिहा आणि लिफाफा जपा. लवाद करार असेल तर पहिले म्हणणे देण्याआधीच किंवा देताना तसा अर्ज करावा लागतो. कैफियत देऊन मग लवाद आठवला तर उपयोग नाही. प्रतिदावा असेल तर त्याची तयारी आत्ताच सुरू करा. "वादीच्या वकिलाशी बोलणे चालू आहे" म्हणून ३० दिवस जाऊ देऊ नका. बोलणी चालू असली तरी दिवस मोजले जातातच.

समरी (झटपट निकालाचा) दावा कधी लावायचा?

ठराविक रक्कम लेखी कराराने, चेकने किंवा हुंडीने देय असेल तेव्हा. प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हायचे आणि नंतर बचावाची परवानगी मागायची. बचाव पोकळ असेल तर परवानगी मिळत नाही आणि हुकूमनामा होतो. थोडाफार बचाव दिसला तर कोर्ट रक्कम भरण्याच्या अटीवर परवानगी देते. मालाच्या प्रतीबद्दल जुना लेखी वाद असेल तर समरीच्या भानगडीत पडू नका. परवानगी मिळतेच आणि मधला वेळ जातो.

खरेदीदार म्हणतो माल खराब होता, डेबिट नोट पाठवली आहे. आता?

डेबिट नोटची तारीख पाहा. माल घेऊन वापरला, जीआरएन केली, आठ महिने गप्प राहिला आणि तुमची नोटीस गेल्यावर डेबिट नोट काढली, तर तिचे वजन कमी. मालविक्री कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे वाजवी वेळेत माल नाकारला नाही तर तो स्वीकारलेला ठरतो. स्वीकारल्यावरही खरेदीदार हमी मोडल्याबद्दल किमतीत कपात मागू शकतो, पण नुकसान किती ते त्याने सिद्ध करायचे.

तुमची जबाबदारी अशी: डेबिट नोट आली की सात-आठ दिवसांत लेखी उत्तर द्या. मान्य असलेला भाग मान्य करा, उरलेला नाकारा, नाकारलेले नग परत मागा किंवा संयुक्त तपासणीसाठी तारीख द्या. नमुने मोहोरबंद करून ठेवा, चाचणी अहवालावर बॅच क्रमांक येईल असे पाहा. उत्तरच दिले नाही तर पुढे कोर्टात "तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?" हा प्रश्न तुम्हालाच येतो. आणि अकाउंटंटने नकळत ती डेबिट नोट तुमच्या पुस्तकात जमा करून टाकली तर तुमचाच खातेउतारा तुमच्याविरुद्ध पुरावा होतो.

चेक परत आला आहे. मुदती कशा मोजायच्या?

चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकलेला हवा. परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून देणेकऱ्याला १५ दिवस. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात तक्रार. तुमचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला चालू असताना २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते.

नोटिशीत चेकचीच नेमकी रक्कम मागा. व्याज किंवा इतर बिले मागायची असतील तर ती वेगळी दाखवा. सगळे मिळून एकच आकडा लिहिला तर तक्रार तिथेच कोसळू शकते. चेक दिल्यानंतर काही रक्कम आली असेल तर तशी नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेसाठीच तो वठवायला टाका. सिक्युरिटी म्हणून घेतलेला चेकही देणे प्रत्यक्ष थकल्यावर चालतो.

एनसीएलटीत (कंपन्यांची दिवाळखोरी पाहणारे न्यायाधिकरण) खेचले की पैसे लगेच येतात, खरे का?

कधी कधी येतात, पण ती वसुलीची जागा नाही आणि न्यायाधिकरण तसे बजावतेही. २४ मार्च २०२० पासून किमान थकबाकी १ कोटी लागते. आधी मागणी नोटीस द्यायची. समोरच्याला १० दिवस मिळतात. त्याने नोटिशीआधीपासूनचा खरा वाद दाखवला तर अर्ज फेटाळला जातो. मोबिलॉक्स (२०१७) निकालापासून हे पक्के आहे. एक जुना तक्रारीचा ईमेलही पुरतो. न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतलाच तर कंपनी रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या (दिवाळखोरीत कंपनी सांभाळणारा व्यावसायिक) हाती जाते आणि पैशाच्या रांगेत माल पुरवणारे बँकांच्या बरेच मागे असतात. कंपनी चालू आहे, पत सांभाळते आहे आणि वाद नाही, अशाच ठिकाणी हा दबाव उपयोगी.

उलट, आमचा देणेकरीच एनसीएलटीत गेला तर?

जाहीर सूचनेनंतरच्या ठरलेल्या मुदतीत नमुना 'बी' मध्ये दावा नोंदवा. तुमचा दिवाणी दावा स्थगित होतो. चेक परत आल्याचा खटला कंपनीपुरता थांबतो, सही करणाऱ्या संचालकांवर चालू राहतो. दावा नोंदवलाच नाही आणि कंपनी सावरण्याची योजना मंजूर झाली, तर तिच्यात नसलेले येणे कायमचे संपते. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असते, म्हणून मोठ्या ग्राहकांची स्थिती दर तिमाहीत पोर्टलवर पाहत जा.

आमची भागीदारी फर्म नोंदवलेली नाही. दावा लावता येईल?

करारातून आलेल्या हक्कासाठी नाही. भागीदारी कायद्याचे कलम ६९ आडवे येते. दावा लावल्यानंतर नोंदणी करून हा दोष जात नाही. नोंदणी आधी हवी.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार करावी का?

पैसे थकवणे म्हणजे फसवणूक नव्हे. सुरुवातीपासूनच पैसे न देण्याचा हेतू होता, खोटे कागद किंवा बनावट पत्ता वापरला, असे दाखवता येत असेल तरच. नुसत्या थकबाकीवरचा गुन्हा उच्च न्यायालयात रद्द होतो आणि त्या काळात दाव्याची मुदत संपून जाते.

हुकूमनामा मिळाला. पैसे?

आता दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला १२ वर्षांची मुदत आहे, पण वाट पाहिली तर मालमत्ता उरत नाही. देणेकऱ्याला त्याच्या मालमत्तेचे शपथपत्र द्यायला लावता येते. जुन्या चेकवरून बँक खाते कळते, ते गोठवायला सांगा. त्याचे ज्या मोठ्या कंपनीकडे येणे आहे ते येणेच जप्त करता येते, आणि हे बेलीफ पाठवून जुनी यंत्रे जप्त करण्यापेक्षा बहुधा लवकर फळते. लवादाचा निवाडा असेल तर मालमत्ता जिथे आहे तिथल्या कोर्टात थेट जाता येते.

मालमत्ता विकून टाकण्याची हालचाल दिसत असेल तर निकालाआधीच जप्तीचा अर्ज करा, पण "तो विकेल असे वाटते" एवढे चालत नाही. जाहिरात, नोंदणी कार्यालयातला उतारा, यंत्रे हलवल्याचे फोटो असे काहीतरी ठोस लागते.

पैसे आलेच नाहीत तर भरलेला जीएसटी परत मिळतो का?

बुडीत कर्जापोटी नाही. पण खरेदीदाराने बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याला घेतलेले इनपुट क्रेडिट व्याजासह उलटवावे लागते. शिवाय सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कायद्याच्या मुदतीत न दिल्यास तो खर्च खरेदीदाराला आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. २०२४-२५ आकारणी वर्षापासून हा नियम आहे. हे दोन्ही मुद्दे फेब्रुवारी-मार्चमध्ये पार्टीच्या लेखा विभागाला पत्राने कळवा. खरेदी विभाग दाद देत नाही तिथे लेखा विभाग देतो.

पुढच्या ऑर्डरपासून पीओत आणि बिलावर काय बदलायचे?

उद्यम क्रमांक बिलावर छापा. व्याजाचा दर पीओच्या स्वीकृतीतच लिहा, कारण फक्त बिलाच्या तळाशी छापलेला दर समोरच्याने मान्य केला होता का, यावर वाद होतो. तपासणीची मुदत दिवसांत लिहा आणि त्यानंतर माल स्वीकारलेला मानला जाईल असे नोंदवा. "सर्व वाद पुणे न्यायक्षेत्रात" हे वाक्य तेव्हाच टिकते जेव्हा पुण्यात व्यवहाराचा काही भाग झाला असेल. ज्या कोर्टाला मुळात अधिकार नाही त्याला दोघे मिळूनही तो देऊ शकत नाहीत. लवाद ठेवायचा असेल तर ठिकाण लिहा, आणि लवाद एकाच पक्षाने नेमायचे कलम स्वीकारू नका. २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून अशी नेमणूक टिकत नाही आणि मिळालेला निवाडा त्यावरच रद्द होऊ शकतो. नव्या प्रायव्हेट लिमिटेड ग्राहकाला मोठी उधारी देताना संचालकांची वैयक्तिक हमी योग्य मुद्रांकावर घ्या, पहिला ट्रक निघायच्या आधी.